त्यांच्यात चालत नाही

तो मेसेज मीच टाईप केला होता, हे आधी सांगून टाकतो.

आमच्या भागात माजी सैनिक वारला की आम्ही दहा-बारा जण त्याच्या अंत्ययात्रेपुढे मोटारसायकली घेऊन जातो. दिवे लावलेले, हॉर्न नाही, गाडी पहिल्या गिअरात. हे सगळं सुरू केलं ते आमच्या ग्रुपचे प्रमुख असलेल्या भाऊंनी. आमच्या घरात कॉलेज बघितलेला मी पहिलाच, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे.

वलवणचे चाचा फौजेतून सुभेदार होऊन परतले होते. आम्ही नेलेल्या प्रत्येक अंत्ययात्रेला ते यायचे. कोटावर पदकं लावून स्मशानाच्या फाटकाशी उभे राहायचे आणि तिरडी समोर आली की कडक सलाम ठोकायचे. त्या दिवशी सकाळी तेच गेले. मी भाऊंना फोन केला.

"गाड्या नकोत," भाऊ म्हणाले. "त्यांच्यात चालत नाही. ग्रुपवर श्रद्धांजली टाक फक्त."

मला ते खटकलं. पण भाऊ मोठे, त्यांना ठाऊक असेल, असं म्हणून मी तसंच्या तसं लिहिलं: 'त्यांच्यात चालत नसल्याने आज गाड्या नाहीत.' खाली हात जोडल्याचं चित्र.

मग एकटाच चाचांच्या घरी गेलो. दारात चाची बसल्या होत्या. मला बघून त्यांनी माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं.

"बाकीची पोरं कुटं हाईत?"

"चाची, ते… तुमच्यात चालत नाही ना, म्हणून…"

"चालत न्हाई?" त्यांना आधी कळेचना. "अरं, आमच्यात चालतच नेत्यात. खांद्यावर. तुमीबी चाला की संगं! कोन म्हनलं न्हाई चालत? आमाला इचारलं का कुनी?"

कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

बाहेर येऊन भाऊंना पुन्हा फोन लावला.

"वाद नको रे," ते म्हणाले. "उद्या कोणी फोटो टाकला, चार लोक बोलले, तर?"

"भाऊ, ते आपल्या प्रत्येक अंत्ययात्रेला आले होते."

"ते वेगळं."

"काय वेगळं, भाऊ?"

फोन कट झाला. इतका राग मला कधी आला नव्हता, आणि तो नुसता भाऊंवर नव्हता.

ग्रुपवर लिहिलं: 'मघाचा मेसेज खोटा आहे. दुपारच्या नमाजानंतर निघायचंय. या.' अकरा जणांपैकी तिघे आले. माझी धरून चार गाड्या.

चाचांचा मुलगा म्हणाला, "इंजिनं बंद ठेवाल का? कलमा ऐकू येऊ दे." म्हणून आम्ही गाड्या ढकलत नेल्या. जनाजा झपाझप चालतो, हे आम्हाला माहीतच नव्हतं. पुढे राहायचं सोडून आम्ही चढावर मागे पडलो, घामाने निथळलो. धरणाकडे निघालेल्या एका गाडीतून पर्यटकांची पोरं ओरडली, "ओ, पेट्रोल संपलं का चौघांचं?" आमच्यातला एक थांबून वळला. मी म्हटलं, चल, नाहीतर आणखी मागे राहू.

कब्रस्तानाच्या फाटकाशी गाड्या स्टँडवर लावल्या आणि चाचा उभे राहायचे तसे उभे राहिलो. सलाम नीट जमला नाही. कोपर कुठवर न्यायचं, हे त्यांना कधी विचारलंच नव्हतं. चाचांच्या मुलाने आमच्याकडे पाहिलं आणि मातीला या म्हणून हाताने खुणावलं. आम्ही आत गेलो. तीन-तीन मुठी माती दिली.

संध्याकाळी भाऊंचा मेसेज आला: 'गेलात ते बरं केलं. फोटो असतील तर पाठव, पेजवर टाकू.'

सकाळी ज्यांना फोटोची भीती वाटत होती, त्यांनाच आता फोटो हवा होता. मी बराच वेळ लिहीत आणि खोडत बसलो. मोठ्या माणसाला उलट बोलायची आमच्या घरात रीत नाही.

शेवटी पाठवलं: 'फोटो काढला नाही. चाचींना भेटून या, भाऊ. त्यांनी विचारलंय, चालत नाही म्हणणारा कोण.'