वाबाशच्या काठचं यज्ञकुंड

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला आमच्या लखनौच्या मराठी मंडळात एक संध्याकाळ द्यावीच लागते. गणेशोत्सवात, आरती आणि जेवण यांच्या मधल्या वेळात पडदा लावतात आणि आपण भुकेल्या पोटी दुसऱ्याच्या नातवंडांचे फोटो बघतो. अशा बऱ्याच संध्याकाळी मी सोसल्या आहेत. यंदा वक्ते माझे व्याही होते; मी त्यांना भाऊ म्हणते.

व्याही मानक नगरच्या रेल्वे संशोधन संस्थेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. रेल्वेच्या डब्यांतलं त्यांना कळतं म्हणतात. बाकी विषयांवर ते न कळताच बोलतात. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा जावई, इंडियानात वाबाश नदीकाठच्या एका गावात नोकरी करतो. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला मी तिथे पाच महिने राहून आले. दुसरं जानेवारीत आहे आणि त्याला कोणी जायचं ते ठरायचं होतं. ठरवणार अर्थातच मुलाकडचे. म्हणून त्या दिवशी सकाळीच लेकीचा फोन.

"आई, आभार तूच मानणार आहेस ना? मग फक्त आभार मान. बाबा मनाला लावून घेतात. मला जानेवारीत तू हवी आहेस." बाबा म्हणजे तिचे सासरे.

आभारप्रदर्शन हे आमच्याकडे बायकांचं खातं. अध्यक्ष पुरुष, वक्ता पुरुष, आणि माइकवाल्यापासून मोदक वळणारींपर्यंत सगळ्यांची दखल घ्यायला बाई. मी कबूल केलं.

विमानतळ झाला, मुलाचा फ्रिज झाला, आतल्या भाज्यांसकट. मग पडद्यावर गवताने झाकलेला मातीचा प्रचंड गोल उंचवटा आला, आतल्या बाजूने खंदक.

"ओळखा बघू काय ते!" व्याही म्हणाले. "यज्ञकुंड! आपले लोक तिथे पोचले होते. नाहीतर त्या जंगली लोकांना एवढी भूमिती कुठून येणार?"

टाळ्या पडल्या. इंजिनिअर, बँकवाले, एक शास्त्रज्ञसुद्धा, सगळ्यांनी वाजवल्या. आपल्या इंदिरा नगरच्या घराखाली पूर्वी कोणाची शेतं होती हे न सांगता येणारी ही माणसं, पण अमेरिकेतली माती कोणी रचली हे त्यांना खुर्चीत बसून कळलं.

तो उंचवटा मी पाहिलेला आहे. मला तिथे घेऊन गेली ती लेकीची शेजारीण. ती मायामी या तिथल्या मूळ आदिवासी जमातीची, पेशाने वकील, आणि सुटीच्या दिवशी तिथल्या म्यूझियममध्ये लोकांना माहिती सांगते. तिने सांगितलं होतं की दोन हजार वर्षांपूर्वी तिथल्याच लोकांनी टोपल्यांनी माती वाहून ही आवारं उभारली. पुढे गोरे आले आणि म्हणाले, हे या लोकांचं काम असणं शक्य नाही, कुठली तरी थोर जात येऊन बांधून गेली असणार. असं म्हणणं सोयीचं होतं. ज्यांनी काही बांधलंच नाही त्यांची जमीन घ्यायला लाज कसली? मग मायामींना कालव्यातल्या बोटींत बसवून पश्चिमेला धाडलं. काही कुटुंबं मागे राहिली, त्यांतलं एक तिचं. आणि आमचे व्याही तीच थाप, तिला गंध लावून, मुलाबाळांसमोर विकत होते.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "अंकल, वहाँ पहले कौन रहता था?"

"कोई नहीं बेटा, जंगल था. थोड़े बहुत रेड इंडियन थे, अब वो भी नहीं रहे."

आणि त्यांनी शेवटचा फोटो लावला. रंगीत फितींचा झगा घालून म्यूझियमच्या दारात उभी असलेली ती शेजारीणच. "हे बघा, पर्यटकांसाठी एक बाई तो वेश चढवून उभी केलीय."

मला माइक दिला गेला. मी क्रमाने गेले. अध्यक्षांचे आभार, वक्त्यांचे आभार, हॉलवाल्यांचे आभार. मग म्हटलं, "भाऊंनी दाखवलेलं आवार ज्यांनी बांधलं त्या तिथल्याच लोकांचे आभार. वाबाश हे नाव ज्यांच्या भाषेतून आलं त्या मायामींचे आभार. शेवटच्या फोटोतल्या बाईंचे विशेष आभार. तो वेश नाही, त्यांचे सणाचे कपडे आहेत. त्या आमच्या लेकीच्या शेजारी राहतात. या उन्हाळ्यात त्यांनी पाठवलेलं पांढऱ्या मक्याचं सूप भाऊंनी दोनदा मागून घेतलं. जे 'नहीं रहे' त्या लोकांपैकीच त्या एक."

ती मुलगी मोठ्याने हसली. तिच्या आईने तिला दटावलं. व्याही मोदक न खाता गाडीत जाऊन बसले.

चारच दिवसांनी विहीणबाईंचा फोन. "ताई, जानेवारीत आम्हीच जायचं म्हणतोय. यांची फार इच्छा आहे." इच्छा कसली ते दोघींनाही माहीत होतं.

लेक म्हणाली, "नाहीच ना राहवलं तुला?"

"नाही."

"जानेवारीत इथे बर्फ असतो. बाबा घराबाहेर पडणार नाहीत. बाळ सांभाळू की त्यांचा चहा?"

बोलले त्याचं वाईट वाटत नाही, पण किंमत तिने मोजली, मी नाही.

डिसेंबरात डिंकाचे लाडू केले, दोन डबे भरले आणि मानक नगरला नेऊन दिले. एकावर लेकीचं नाव, दुसऱ्यावर शेजारणीचं.

"वजन वाढतंय," व्याही डब्याकडे बघत म्हणाले. "हा दुसरा कोणाला?"

"सूपवाल्या बाईंना. त्यांच्या हातात द्या. शेजारचंच घर आहे, बर्फातही जाता येतं. आणि डबा परत आणा, स्टीलचा आहे."

विहीणबाईंनी तो उचलला आणि व्याह्यांच्याच बॅगेत, स्वेटरांच्या मधोमध बसवला.