म्हशीचं इंजेक्शन आणि तिच्या गोळ्या

कोपरगावच्या डॉक्टरनं माझ्या बायकोची पिशवी काढली आणि सोबत दोन्ही अंडाशयंही काढून टाकली. "पुन्हा कटकट नको," म्हणाला. तिची चाळिशीसुद्धा आली नव्हती. कटकट कुणाची, हे मी विचारलं नाही. मग त्यानंच गोळ्या लिहून दिल्या. शरीरात बनायचं थांबलं ते हार्मोन आता गोळीतून द्यायचं, खंड पाडायचा नाही, नाहीतर हाडं ठिसूळ होतात, असं बजावलं.

कोपरगावात त्या महाग होत्या. माझा साडू पुण्यात राहायचा. तिथल्या होलसेल बाजारात त्याच गोळ्या बऱ्याच स्वस्त पडत. तो पाकीट एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचा आणि मी स्टँडवर जाऊन घ्यायचो. या हुशारीचं मी आमच्या गावात, पुणतांब्यात, चारचौघांत कौतुक करून घेतलं. पण साडूला सवड नसली किंवा ओळखीचा ड्रायव्हर रजेवर असला की गोळ्या संपायच्या. मग मी तिला वाट बघायला लावायचो.

त्या दिवसांत तिच्या अंगाची आग व्हायची. ऐन थंडीत ती लुगड्यासकट उसाच्या पाटात जाऊन बसायची. लोक म्हणू लागले, हिला बाहेरचं लागलंय. भावजयीनं दाराला लिंबू-मिरच्या बांधल्या. मी बांधू दिल्या.

एकदा ती अशीच निथळत गोठ्यात आली. भावजय धारेला बसली होती आणि मी म्हशीला पान्हा सोडायचं इंजेक्शन देत होतो.

"हे कुठून आनलं?"

"कोपरगावातून. सकाळीच."

"आन् माझ्या गोळ्या?"

"येतील की पुण्याहून. कोपरगावचा दुकानदार दीडपट घेतो."

"हिच्या बाटलीचा भाव पुण्यात इचारला व्हता का?"

भावजय खिदळली. "अगं बये, म्हस दूध देती!"

आवाज ऐकून शेजारचे कुंपणाशी आले. बायको माझ्याकडंच बघत होती. "तुमी सांगा यान्ला, मला काय झालंय ते."

तिच्या गोळ्या संपल्यात, एवढंच बोलायचं होतं. पण मग लोकांनी विचारलं असतं, आणल्या का नाहीत? मी म्हणालो, "हिचं असंच असतं. तुम्ही जा."

दुसऱ्या दिवशी पाकीट आलं. "म्हशीला चारा," ती म्हणाली. त्यानंतर तिनं एकही गोळी घेतली नाही. मी आग्रह केला नाही. खर्च वाचला म्हणून सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहितो. काही वर्षांत घागर उचलताना तिचं मनगट मोडलं, पुढं खुबा मोडला आणि ती अंथरुणातच वारली.

परवा एक बाई नातसुनेला सांगत होती, तुझ्या आजेसासूला बाधा होती. मी काठी आपटून ओरडलो, "बाधा नव्हती! गोळ्या कोपरगावात मिळत होत्या, मी आणल्या नाहीत!" ती बाई घाबरून निघून गेली. नातसुनेनं मला खुर्चीत बसवलं आणि माझी बीपीची गोळी पाण्याबरोबर हातात दिली. माझ्या गोळ्या या घरात कधी संपत नाहीत.