पाच पॉइंट सात लिटर

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावालाही नाही. आज तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही. थकलोय, एवढंच म्हणता येईल.

ग्वाल्हेरच्या हद्दीला लागून असलेल्या एका नगरपालिकेत मी खरेदी शाखेत आहे. नाव कशाला सांगू? शहरातल्या दाना ओलीतल्या घरून रोज स्कूटरनं जातो, बावीस वर्षं झाली. नव्या बाबूंना प्रशिक्षण मीच देतो — निविदा कशी काढायची, करार कुणाच्या सहीनं होतो, ठेकेदाराला तोंडी शब्द का द्यायचा नाही. मास्तरकी बरी जमते मला. आणि दर वेळी फॉगिंग मशीनच्या फाइलचं उदाहरण देतो. एका अधिकारी बाईंनी म्हणे अशी अट घातली, की एकाच कंपनीचं मशीन त्यात बसावं. बाईंचं नाव मी घेत नाही. पण घ्यायची गरज कुठे असते? मागच्या बाकावर कुणीतरी कुजबुजतंच.

ती अट बाईंनी घातलीच नव्हती. थांबा — नीट सांगतो.

त्या बाई म्हणजे सुधाताई, तेव्हाच्या आमच्या शाखेच्या प्रमुख. ऑफिसात मराठी आम्ही दोघंच, म्हणून मला मॅडम म्हणू द्यायच्या नाहीत. हे काम त्यांनीच मला शिकवलं. वस्तूचं वर्णन लिहिताना काय हवं ते लिही, कुणाचं हवं ते दिसता कामा नये, असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. डासांच्या दिवसांआधी धुराची ही फॉगिंग मशीनं घ्यायची होती. वर्णन तयार करायचं काम माझं. चार-पाच कंपन्यांची माहिती बघायची आणि 'टाकी किमान पाच लिटर' असं सगळ्यांना बसेलसं लिहायचं — फार तर तासाभराचं काम. पण त्या दिवशी ग्वाल्हेरच्या मेळ्याला जायचं होतं. लेक तयार होऊन बसलेली, बायकोचे दोन फोन येऊन गेलेले. टेबलावर एका कंपनीचं माहितीपत्रक पडलं होतं. मी त्यातलंच उतरवून काढलं. टाकी पाच पॉइंट सात लिटर. किमान नाही, कमाल नाही — नेमकी तेवढीच. तसली टाकी दुसरं कुणी बनवतच नाही.

ताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. कागद हातात घेऊन त्यांनी विचारलं, नीट पाहिलंस ना? मी हो म्हटलं. त्यांनी सही केली.

बाकीच्या कंपन्यांनी तक्रार केली. निविदा रद्द झाली, चौकशी बसली. चौकशी अधिकाऱ्यांनी मला एकच गोष्ट विचारली — वर्णन कुणी लिहिलं? ताई शेजारच्याच खुर्चीवर होत्या.

"मैडम ने दिया था," मी म्हणालो, "मैंने तो बस टाइप किया."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही — मी घाबरून भलतंच बोललो आणि आता दुरुस्त करीन, अशा नजरेनं. मी केलं नाही. मग त्या साहेबांकडे वळून म्हणाल्या, "साइन मेरे ही हैं, सर."

त्यांची बढती अडकली. दुसऱ्या शाखेत बदली झाली. निवृत्त होईपर्यंत लोक त्यांना कंपनीवाली मॅडम म्हणत. निरोपाच्या दिवशी हार आणायला मलाच पाठवलं. मी आणला. कसा आणवला माझ्याच्यानं?

मागच्या महिन्यात त्या मुरारच्या भाजीबाजारात भेटल्या. थाटीपुरला भाचीकडे राहतात आता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "एक विचारू? त्या कंपनीनं तुला काही दिलं होतं का रे?"

"नाही, ताई."

"मग का केलंस?"

त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. इतकी वर्षं माझ्यासाठी त्या काहीतरी कारण शोधत असणार — घरची अडचण, कुणाचा दबाव. कसं सांगू, की आधी कंटाळा केला आणि मग घाबरलो? दुसरं काहीच नव्हतं.

"आता आठवत नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. लेक कितवीला आहे, विचारलं. एकदा घेऊन ये तिला घरी, म्हणाल्या. येतो म्हटलं.

नेलेलं नाही.