न विचारलेलं दुखणं

चोपड्यात भागाबाईचा काढा प्यायला माणसं सकाळी यायची, वाटी रिकामी करायची आणि एक शब्द न बोलता निघून जायची. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनातल्या बाया कामावर जायच्या आधी येत. कचेरीतला एक कारकून येई. त्याला माणसांची नावं आठवत नसत. परीक्षेच्या महिन्यात सातवीच्या फायनलला बसणारी मुलं येत. औषध सगळ्यांना एकच. पौषात सातपुड्याच्या पायथ्याशी खणलेली आसंधाची, म्हणजे अश्वगंधेची, मुळी आणि पाटाकाठची ब्राह्मी. आठ वाट्या पाणी आटून एक वाटी उरली की झाला काढा.

"भागाबाई, या काढाना वास आसा शे, घोडं बी नाक दाबी!" शेजारची वच्छलाबाई रोज म्हणायची. ती जिनात सरकी वेचायला जाई.

"मंग घोडाले फायनल देनी शे का? पी मुकाट्यानं!"

मुकाट्यानं, हे खरंच. भागाबाईच्या वडिलांनी, निंबाआबांनी, मुळी हातात देताना सांगितलं होतं, "देवानी मुळी शे, बेटी. काय होस, आसं कोणलेच इचारू नको. इचारं का गुण गया." तीस वर्षांत भागाबाईनं कुणाला विचारलं नव्हतं.

तिची मुलगी सुगंधा एकोणिसाव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी आली. दिवसभर जिनात, आणि पहाटे चिमणीपुढे पुस्तक. फायनल पास झाली की मुलींच्या शाळेत मास्तरीण होता येणार होतं. मग जिन सुटलं असतं, केसांतला कापूस सुटला असता.

"माय, अक्षरं हालतंस," ती एकदा म्हणाली.

"थकी गई तू. आजपासून दोन वाट्या."

दोन वाट्यांनी सुगंधा ताठ बसू लागली. गणितं सुटू लागली, भूगोलातल्या नद्या तोंडपाठ झाल्या. गालांवर लाली आली. भागाबाईला वाटलं, मुळी लागू पडली.

माघात एका पहाटे वाटी हातात घेऊन सुगंधा थांबली. "माय, माले रोज संध्याकाळले..."

भागाबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "सांगू नको व! गुण जाई. परीक्षा व्हऊ दे." तळव्याला ओठ गरम लागले. वाफाळता काढा समोर होता. तिला वाटलं, त्याचीच ऊब असेल.

सुगंधानं मान हलवली आणि वाटी संपवली.

जळगावला दुसऱ्या पेपराला ती बाकावरच कोसळली. दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या पाठीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि भागाबाईकडे वळले.

"ताप किती दिवसांपासून येतो?"

भागाबाईनं सुगंधाकडे पाहिलं.

"खोकला? वजन कधीपासून उतरलं?"

"माले नही माहीत, साहेब."

"तुम्ही आई ना तिच्या?"

खाटेवरून सुगंधाच बोलली. "त्यांना नका बोलू. मीच सांगितलं नाही. दिवाळीपासून आहे." परीक्षेसाठी घोटलेली शुद्ध भाषा. मग आईकडे पाहून हळूच म्हणाली, "आते सांगं, त गुण जाई का व माय?"

क्षयानं दोन्ही फुप्फुसं धरली होती. आषाढात सुगंधा गेली.

महिनाभर भागाबाईची चूल थंड होती. श्रावणात वच्छलाबाई येऊन ओट्यावर बसली. "पाय उचलत नही, भागाबाई. दे ना एक वाटी."

भागाबाईनं काढा केला, वाटी भरली, आणि द्यायला पुढे केलेला हात मागे घेतला.

"काय होस तुले?"

वच्छलाबाईनं दचकून इकडेतिकडे पाहिलं. "आसं काय करस व? गुण जाई ना!"

"जाऊ दे. काय होस?"

वच्छलाबाईनं पदर तोंडाशी नेला. कधी नाही ती थट्टा विसरली. "खोकला शे. दोन महिना व्हई गयात."

भागाबाईनं वाटी खाली ठेवली आणि तिचा हात धरून तिला सरकारी दवाखान्यात नेलं.

पुढे गावात बोलवा झाली की भागाबाईच्या मुळीचा गुण गेला, ती विचारते. कारकून यायचा थांबला. जिनातल्या बायाही कमी झाल्या. जे येत, त्यांना ती आधी समोर बसवी, तळहात त्यांच्या कपाळाला लावी, आणि उत्तर येईपर्यंत वाटी आपल्याच हातात धरून ठेवी. कितीदा तरी काढा तसाच निवून जाई.