पगारे बाईंचा पाण्याचा तास

पगारे बाई पाण्यावर मांडी घालून बसत. हे मी आजवर पुष्कळांना सांगितलं आहे आणि बहुतेकांनी मान हलवून विषय बदलला आहे. पण नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीमागे, उसाच्या शेतापलीकडे एक पायऱ्यांची विहीर होती, आणि तिच्या मधोमध, हिरव्या गार पाण्यावर, आमच्या चौथीच्या बाई जुन्या सुती पातळाचा कासोटा मारून मांडी घालून तरंगत असत. हात मांडीवर, पाठ जराशी मागे कललेली, डोळे मिटलेले. आम्ही पोरं पायऱ्यांवर बसून श्वास रोखून बघत राहायचो. बाई डोळे न उघडता म्हणायच्या, "श्वास मी धरायचा आहे. तुम्ही घ्या."

आणीबाणी नुकतीच उठली होती, तेव्हाची ही गोष्ट. कॉलनीतल्या बहुतेकांचे वडील नोटांच्या प्रेसमध्ये नाहीतर रेल्वेत. मे महिन्यात ज्यांना गाव होतं ती मुलं गावाला जात, बाकीची दिवसभर उन्हात उंडारत. बाईंनी मुख्याध्यापकांकडून शाळेच्या किल्ल्या मागून घेतल्या आणि 'उन्हाळी वर्ग' सुरू केला. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्याबद्दल कुणी काही देतही नव्हतं. सकाळी मैदानावर लेझीम आणि खो-खो, ऊन चढलं की वर्गात मातीकाम आणि पतंगी कागदाची फुलं, मग नाटकाची तालीम, मूठभर गूळ-फुटाणे, आणि सगळ्यात शेवटी पाण्याचा तास.

यातलं काहीही बाई पोरांचा खेळ म्हणून करत नसत. मी एकदा मातीचा बैल केला होता. तो सारखा कुशीवर पडायचा. बाई माझ्याशेजारी उकिडव्या बसल्या.

"हा आजारी आहे का?"

"नाही बाई."

"मग पडतो कशाला? जा, विहिरीवाल्या तात्यांच्या गोठ्यात खरा बैल बघून ये. वजन कुठं टाकतो ते बघ, मग पाय कर."

मी खरंच गेले आणि बैलासमोर बराच वेळ उभी राहिले. त्याआधी मी बैल हजारदा पाहिला असेल, पण बघितला त्या दिवशी.

नाटकात झाडाचं काम कुणालाच नको असायचं. बाईंनी कुणाला रागावून सांगितलं नाही. पालकांसमोरच्या कार्यक्रमात त्या स्वतःच झाड झाल्या. हात वर करून उभ्या राहिल्या त्या पडदा पडेपर्यंत. मध्ये एक माशी त्यांच्या गालावरून चालत डोळ्याच्या कडेपर्यंत गेली. आम्ही आमची वाक्यं विसरून माशीकडे बघत होतो. झाड हललं नाही. पुढच्या वर्षी झाड होण्यावरून मुलांची भांडणं लागली.

विहीर तात्यांची होती. ते बाईंना विहिरीवर येऊ देत, पण त्यांच्या जिवाला घोर असे. पाणी उपसायच्या इंजिनापाशी उभे राहून म्हणायचे, "बाई, पोरं लय हायेत. काय झालं तर माझ्या नावानं बोंब व्हईल."

"तुमच्या नावानं कशी होईल? विहीर तुमची, पोरं माझी."

पाठीला पत्र्याचा बंद डबा बांधून त्या एकेकाला पाण्यात सोडत. कुणी रडायला लागलं तर त्याला उगी करत नसत. "घाबरायचं असेल तर घाबर," त्या सांगत, "पण हात मारत घाबर."

काही घरांतून मुलं लेझमीला येत, मातीकामाला येत, पण पाण्याच्या तासाला येत नसत. कारण कुणी उघड सांगत नसे. ऊन लागतं, सर्दी होते, असं काहीतरी असे. बाई ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलांना पुन्हा बोलावत.

आमच्या घरचं कारण मात्र खरं होतं. आईचा धाकटा भाऊ गोदावरीच्या पुरात गेला होता. त्यानंतर आई नदीवर गेली नव्हती. पूल आला की बसमध्ये ती डोळे मिटून घ्यायची; हे मी बाईंना सांगून टाकलं होतं. वडिलांनी पुष्कळ समजूत घातली तेव्हा कुठे तिनं मला पाण्यात उतरायला परवानगी दिली, तीही डबा बांधून, कडेकडेनं, या अटीवर.

दुसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी माझ्या डब्याची दोरी सुटली. मी कडेनंच होते, पण घाबरून पाय झाडले आणि मध्ये गेले. डबा एकीकडे गेला, मी खाली. वर उजेडाचा एक गोल तुकडा दिसत होता आणि तो लहान होत होता, एवढं आठवतं. मग कुणीतरी माझी वेणी धरून वर ओढलं. बाई तेव्हा सगळ्यांत वरच्या पायरीवर होत्या. घड्याळ, चपला, कशाचाही विचार न करता त्यांनी तिथून उडी घेतली होती, असं नंतर मुलांनी सांगितलं. मला पायरीवर बसवून त्या म्हणाल्या, "नाक शिंकर. जोरात." मी शिंकरलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

ओल्या पातळानंच त्या मला घरी घेऊन आल्या. आई दारात आली. बाईंनी काही आडपडदा ठेवला नाही.

"वहिनी, शैला बुडत होती. मी काढली. गाठ मी तपासायला हवी होती, ती राहिली. चूक माझी आहे."

आईनं मला ओढून पदराखाली घेतलं. ती म्हणाली, "आता पुन्हा नाही."

"उद्या आणा तिला," बाई म्हणाल्या.

"तुम्ही ऐकलं नाही का मी काय म्हटलं?"

"ऐकलं. उद्या ती उतरली नाही तर जन्मात उतरणार नाही. तुमच्यासारखी डोळे मिटून पूल ओलांडेल. तुम्ही स्वतः या. तिच्या कमरेला दोर बांधू आणि तो तुमच्या हातात देऊ. माझ्यावर विश्वास ठेवू नका, दोरावर ठेवा."

आई रागानं आत निघून गेली. माझी खात्री होती की संपलं. पण सकाळी तिनं मला उठवलं, वेणी घातली आणि माझा हात धरून उसाच्या बांधावरून चालू लागली. त्या दिवशी विहिरीवर नेहमीच्या निम्मी मुलंही नव्हती. बातमी कॉलनीभर झाली होती. बाईंनी मात्र पाण्याचा तास ठरल्या वेळीच सुरू केला.

त्यांनी दोर माझ्या कमरेला बांधला आणि गाठ आईकडून ओढून तपासून घेतली. आई पाण्याकडे पाठ करून बसली. दोर तिनं मनगटाला गुंडाळून घेतला होता. मी उतरले. पाण्यात बाईंचा हात माझ्या पोटाखाली होता आणि वर आईचा दोर. मी रडत रडत हात मारले. दोर ताणला गेला की आईच्या खांद्याला हिसका बसायचा. मग एकदा तो बराच वेळ ढिला राहिला, आणि आईला मागे वळून बघावंच लागलं. तोवर बाईंनी हात काढून घेतला होता. मी तरंगत होते.

नंतर मी अंग पुसत बसले असताना बाई आईशेजारी येऊन बसल्या. आईनं विचारलं, "तुम्हाला कधीच भीती नाही वाटली पाण्याची?"

"मला पाणी मिळतच नव्हतं, तर भीती कुठून वाटणार?" बाई म्हणाल्या. त्यांचं गाव देवळ्याकडे. लहानपणी त्या आईबरोबर विहिरीवर जात, पण काठावर नाही. लांब बसायचं, घागर पुढे ठेवायची आणि कुणी वरून ओतेल तेव्हा घ्यायचं. "विहिरीत पाणी कसं दिसतं ते मला माहीत नव्हतं, वहिनी. नुसता रहाटाचा आवाज माहीत. मग आबा, माझे वडील, रेल्वेत गँगमन म्हणून लागले आणि आम्ही इकडे आलो. त्यांनी मला दारणा नदीवर नेलं. गळ्यापर्यंत पाणी, आणि मी त्याच्या आत. मी बाहेरच येईना. संध्याकाळ झाली तरी येईना. आबा काठावर बसून राहिले. त्यांनी एकदाही हाक मारली नाही."

आईनं खालच्या पायरीवर पाय सोडले. पावलं पाण्यात गेली, मग घोटे. ती तशीच बसून राहिली.

त्या उन्हाळ्यात ती घोट्यापर्यंतच आली. पुढच्या उन्हाळ्यात गळ्यापर्यंत. तिच्यामागून कॉलनीतल्या आणखी काहीजणी आल्या. मुलांचा तास संपला की त्यांचा सुरू व्हायचा. तात्या तेव्हा इंजिन सोडून लांब बांधावर, तोंड फिरवून उभे राहायचे आणि दुसऱ्या कुणाला तिकडे फिरकू द्यायचे नाहीत. आई पोहायला शिकली तेव्हा ती चाळिशीला आली होती. पहिल्यांदा विहीर ओलांडून ती पलीकडच्या दगडाला टेकली आणि हसत सुटली. तिचं तसं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं. मामाबद्दलही ती त्यानंतरच आमच्याशी बोलायला लागली.

काही वर्षांनी बाईंची पेठकडे, डोंगरातल्या एका शाळेवर बदली झाली. नंतर त्या तिकडेच वारल्या. आम्हाला उशिरा कळलं.

बदलीवर जाण्याआधीच्या शेवटच्या सकाळी त्या विहिरीवर आल्या त्या कोरड्या, इस्त्रीच्या साडीत. "आज मी नुसती बघणार," म्हणाल्या आणि वरच्या पायरीवर बसल्या. एक नवी मुलगी पायऱ्यांना चिकटून रडत होती. कुणी काही म्हणायच्या आत आई पाण्यात उतरली आणि तिनं त्या मुलीपुढे हात केले. मुलगी बराच वेळ नाही म्हणाली. आईनं घाई केली नाही. शेवटी ती आईच्या हातावर आली, आणि दोघी हळूहळू विहीर ओलांडू लागल्या. पलीकडे पोचल्यावर आईनं बाईंना दाखवायला वर पाहिलं.

पायरीवर कुणी नव्हतं. उसाच्या बांधावरून बाईंची पांढरी साडी लांब जाताना दिसत होती. त्या मागे वळून बघत नव्हत्या.

आई थोडा वेळ दगडाला धरून राहिली. मग तिनं त्या मुलीच्या पोटाखाली पुन्हा हात घातला आणि तिला घेऊन विहिरीच्या मध्याकडे वळली.