सुमनआत्याच्या विहिरीत लागलेलं तेल

सुमनआत्याच्या विहिरीवर पत्रे टाकलेले होते, पत्र्यांवर झेंडूच्या माळा होत्या आणि माळांच्या मधोमध एक कुलूप होतं. एवढं मोठं कुलूप मी तालुक्याच्या ट्रेझरीलाही पाहिलेलं नाही. शेजारी खाट टाकून दोन पैलवान काठ्या घेऊन पहारा देत होते. मी बॅग पाठीवर घेऊन थेट शेतात आलो होतो, कारण आत्याचा फोनच तसा होता.

"मिलिंद, विहिरीत तेल लागलं म्हणते लोकं. तू तेलातला इंजिनियर ना? मंग ये. परवा मले सही कराची हाय."

आता मी तेलातला इंजिनियर म्हणजे काय, ते सांगतो. आमच्या मोताळा तालुक्यात माझ्या पदवीचा एकच अर्थ लागतो. पेट्रोलियम इंजिनियर म्हटलं की लोक विचारतात, "कोणत्या पंपावर असते?" वडिलांनी दोन वर्षं समजावून सांगितलं. तिसऱ्या वर्षापासून ते नुसतं "मोठ्या पंपावर" म्हणून मोकळे व्हायला लागले.

खरं म्हणजे मी रिगवर, म्हणजे तेलाची विहीर खणणाऱ्या यंत्रावर, मड इंजिनियर आहे. जमिनीत तीन-चार किलोमीटर खोल भोक पाडताना त्यात एक खास चिखल फिरवावा लागतो. तो ड्रिलचं टोक थंड ठेवतो, दगडाचा चुरा वर आणतो आणि खालच्या गॅसला उसळू देत नाही. त्या चिखलाची तब्येत बघणारा डॉक्टर म्हणजे मी. वाळवंटात मी एवढ्या उन्हात चिखल कालवला आहे की माझी सावलीसुद्धा रजेचा अर्ज टाकून गेली होती.

तर विहीर. आठ दिवसांपूर्वी आत्याने मोटर लावली आणि लिंबाच्या आळ्यात पाण्यावर इंद्रधनुष्य तरंगत आलं. वास आला. दुपारपर्यंत गाव जमलं, संध्याकाळपर्यंत समिती झाली. समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब. आत्याच्या बांधाच्या वरच्या अंगाला रोडवर ज्यांचा पेट्रोल पंप आहे, ते. तेलातलं गावात दुसरं कोणाला कळतं?

समितीने पहिला ठराव केला तो पाणी उपसायचं नाही असा. तेल वाया जातं. त्यामुळे ऐन मे महिन्यात आत्याची एकशेवीस लिंबाची झाडं आठ दिवस कोरडी उभी होती. फुपाजींनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी लावलेली, सोळा वर्षांची झाडं. पानं गोळा होऊन पापडासारखी वाजत होती.

दुसरा ठराव त्याहून भारी. आत्याने हे दोन एकर भाऊसाहेबांना द्यायचे आणि बदल्यात त्यांची टेकडीवरची पाच एकर घ्यायची.

"पाच एकर हाय, पण नुसती बरड," आत्या म्हणाली. "कुसळबी उगवत नाही. तिथं मी काय लावू, दगडं? पण सारं गाव म्हणते, सुमनबाई, इकासाले आडवी येऊ नको. तू सांग. तेल असलं तर मी सही करतो. नसलं तर माझी लिंबं फुकट मेली म्हणून समज."

मी बॉसला फोन लावला. बॉस पुण्याचे. सगळं ऐकून त्यांनी विचारलं,

"विहीर किती खोल?"

"पंचेचाळीस फूट, सर."

"कुठल्या खडकात?"

"काळ्या पाषाणात."

"मिलिंद, तू रजेवर आहेस ना? मग झोप काढ."

त्यांचं बरोबर होतं. आपल्या जिल्ह्याखालचा काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा. तेल तयार होतं ते समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळात. काळ्या पाषाणात पंचेचाळीस फुटांवर तेल शोधणं म्हणजे तापल्या तव्यात मासे धरणं.

पण हे गावाला कोण सांगणार? विहिरीवर भाऊसाहेबांसोबत पाणाड्या गुलाबराव हजर होते. तळहातावर नारळ ठेवून ते रानात चालतात, नारळ उभा राहिला की तिथे पाणी. पंचक्रोशीतल्या निम्म्या विहिरी त्यांच्या नारळाने ठरवलेल्या, आणि त्यातल्या निम्म्या कोरड्या.

"पाण्याले नारळ उभा राह्यते," गुलाबराव मला म्हणाले. "इथं गरगर फिरला. गरगर फिरला म्हणजे तेल."

"याच्या आधी कधी फिरला होता?"

"याच्या आधी कधी तेल लागलं होतं काय?"

एवढा बिनतोड युक्तिवाद मी आमच्या हेड ऑफिसच्या प्रेझेंटेशनमध्येही ऐकलेला नाही.

भाऊसाहेबांनी कुलूप उघडलं. मी बाटलीला दोरी बांधून वरचं तेल काढलं आणि उन्हात धरलं. पातळ, पारदर्शक, फिकट पिवळं. जमिनीतून निघणारं कच्चं तेल म्हणजे क्रूड. ते बहुतेक काळपट असतं, गाळ आणि सतरा भानगडी घेऊन येतं. हे तर न्हाऊन-धुऊन, भांग पाडून आलेलं होतं.

"वास घ्या इंजिनियर साहेब," भाऊसाहेब छाती फुगवून म्हणाले. "सेम आपल्या पंपासारखा! एकदम ओरिजिनल माल!"

"दुसरी काही टेस्ट केली?"

"केली ना बाप्पा. ट्रॅक्टरमदी टाकलं. एका सेल्फात चालू! दोन एकर नांगरलं त्यावर."

"भाऊसाहेब, क्रूडवर ट्रॅक्टर चालत नाही. त्याला रिफायनरीत नेऊन तापवावं लागतं, मग त्यातून डिझेल वेगळं निघतं. हे जमिनीतूनच तयार डिझेल येतंय. आत्याच्या लिंबाखाली रिफायनरी आहे का?"

"असन बी! सायन्सले सारंच मालूम असते काय?"

मागून कोणी तरी ओरडलं, "जळते बे हा! स्वतःले जलमात तेल सापडलं नाही ना!" लोक खदाखदा हसले. मलाही हसू आलं, कारण आरोप खरा होता.

मग मी चढाकडे पाहिलं. विहिरीपासून सत्तर पावलांवर भाऊसाहेबांचा पंप.

"तुमच्या डिझेलच्या टाकीत सध्या तूट येते का?"

"थोडीशी येते. उन्हाळा हाय ना, उडते."

"पेट्रोल उडतं. डिझेल असं उडत नाही, भाऊसाहेब."

भाऊसाहेबांच्या कपाळावर पहिला घाम तेव्हा दिसला.

पंपाची टाकी जमिनीत पुरलेली असते. तिच्यात खुणा केलेली एक लांब दांडी सोडतात. जिथवर ती ओली होते, तेवढं तेल. याला डिप म्हणतात. मी म्हटलं, "पाच तास डिझेल विकू नका. आता डिप घेऊ, मग संध्याकाळी घेऊ. माल खालून येत असेल तर तुमच्या टाकीला काही व्हायला नको."

सकाळी अकराला समितीसमोर दांडी बुडवली. भाऊसाहेबांनी स्वतः खडूने खूण केली. पाच तास एक थेंब विकला नाही. ट्रॅक्टरवाले शिव्या देऊन परत गेले. चार वाजता दांडी पुन्हा आत गेली, बाहेर आली, आणि खुणेच्या खाली चांगली दोन बोटं कोरडी निघाली.

फुटक्या टाकीतून डिझेल मुरमात उतरत होतं, उताराने पाझरत विहिरीत जाऊन पाण्यावर तरंगत होतं. आठ दिवस भाऊसाहेबांनी दोन पैलवान लावून स्वतःच्याच डिझेलवर पहारा बसवला होता, आणि आता पाच एकर देऊन ते परत घेणार होते.

गुलाबरावांनी नारळ हळूच पिशवीत टाकला. "म्या त इतकंच म्हटलं होतं, तेल हाय. कोणाचं ते कुठं सांगितलं?"

भाऊसाहेब आत्याकडे वळले. "सुमनताई, आता हे बाहेर नको बोलू. तेल कंपनीवाले पंपच बंद करतीन."

आत्याने पदर खोचला. "भाऊसाहेब, पंप तुमचा, टाकी तुमची, तुम्ही पाहा. माझ्या लिंबाले आज पाणी पाह्यजे. आज म्हणजे आजच."

त्या संध्याकाळी भाऊसाहेबांच्या शेतातून पाण्याचा टँकर निघाला आणि एकशेवीस आळी भरूनच परतला. मी मात्र कंपनीला कळवायला लावलं. अशी गोष्ट लपवली तर पुढची विहीर गावाच्या पिण्याच्या पाण्याची असते. डिझेलची विक्री बंद झाली, टाकी उकरून बदलली. विहीर उपसत उपसत स्वच्छ व्हायला पावसाळा गेला, पाऊस लागेपर्यंत टँकर रोज येत राहिला. अकरा झाडं गेली. एकशे नऊ जगली.

समिती बरखास्त झाल्याचं अजून कोणी जाहीर केलेलं नाही. भाऊसाहेब मला भेटतात तेव्हा चहा पाजतात, पण डोळ्यांत बघत नाहीत.

कॉलेजात आम्हाला तेल शोधायच्या पद्धती चार वर्षं शिकवल्या. एक राहिली होती, ती मी मोताळा तालुक्यात शिकलो. कुठं तेल सापडलं असं कळलं की किती खोल, कोणता खडक, हे मागून विचारावं. आधी विचारावं, कोणाचं कमी झालंय?