आरशाशेजारचा फोटो

माझा साडू सलून चालवतो आणि दर महिन्याला हौशी लोकांच्या फोटोस्पर्धेत भाग घेतो. निकाल म्हणून नुसता आकडा येतो. दहापैकी तीन, फार तर चार. एकदाच आठ मिळाले, तेव्हा आम्ही घर डोक्यावर घेतलं होतं. का कमी, का जास्त, ते कुणी सांगेल तर शपथ! मी असतो तर कॅमेरा कधीच विकून टाकला असता. हा मात्र प्रत्येक फोटो आरशाच्या डाव्या बाजूला लावतो आणि कुणी काढला ते गिऱ्हाइकाला सांगत नाही.

परवा मी कटिंगला बसलो. तिथे नवा फोटो होता. दोरीवर ओली चादर, तिच्यामागे माझ्या मेहुणीची सावली आणि खाली तिची दोन अनवाणी पावलं. एवढंच. अचानक कात्री थांबली.

"काय झालं रे?"

"तुझी मान वळली," तो म्हणाला. "तोंडावर सगळेच छान म्हणतात. पण डोकं माझ्या हातात असतं ना, ते खोटं बोलत नाही. याला तीन मिळालेत. आठवड्यात अकरा माना वळल्या, तुझी बारावी."

मी आरशात त्याच्या बोटांकडे बघितलं.

"आणि तो आठ मिळालेला?"

"महिनाभर लावला होता. एकही मान हलली नाही, मग उतरवला."

त्यानं माझं डोकं सरळ केलं. ते पुन्हा वळलं.